टी-पेशी जागी होण्याआधी मध्ये इतकी प्रथिने कशासाठी?

प्रश्न – डिचोली_जीवशास्त्र

सर्व सभासदांना नमस्कार. मी डिचोली तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आमच्याकडील बरीच मुले चौथीपर्यंत मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत शिकून पुढे इंग्रजीकडे वळलेली असतात. त्यामुळे अवघड संकल्पना आधी मराठीत उलगडून सांगितली की ती त्यांच्या मनात पक्की बसते, असा माझा अनुभव आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न इथे मराठीत विचारत आहे.

टी-पेशी ही संसर्गाशी लढणारी एक पांढरी रक्तपेशी, आणि प्रतिजन म्हणजे तिला ओळखता येणारा पदार्थ. रोगप्रतिकारशक्तीच्या धड्यात ‘प्रतिजन ओळखला की टी-पेशी सक्रिय होते’ एवढ्यावर विषय संपतो. संदर्भग्रंथ उघडला तर त्या एका वाक्याच्या जागी प्रथिनांची लांबच लांब साखळी दिसते. बारावीच्या एका मुलाने ती आकृती पाहून विचारले, की ग्राही, म्हणजे प्रतिजन ओळखणारे प्रथिन, पेशीच्या पृष्ठभागावर आहे आणि जनुके केंद्रकात आहेत, तर ग्राहीनेच थेट केंद्रकाला कळवले असते तर काय बिघडले असते? संकेत वाटेत अनेक पटींनी वाढतो हे मी त्याला सांगितले, परंतु नुसत्या वाढीसाठी दोन-तीन पायऱ्या पुरतात, हेही त्याला दिसत होते आणि मलाही.

दुसरा प्रश्न एका मुलीचा आहे. तिच्या घरी मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले आहे आणि टॅक्रोलिमस हे औषध रोज ठरलेल्या वेळी घ्यावे लागते. हे औषध पांढऱ्या पेशींना मारत नाही असे तिला डॉक्टरांकडून कळले होते. मारत नसेल तर ते त्यांना गप्प कसे करते, हे तिला समजून घ्यायचे आहे. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच असावे असे मला वाटते. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


तेरेखोल

बाई, आपल्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न या शास्त्रातला मध्यवर्ती प्रश्न आहे. मी मूळचा पेडण्याचा, सध्या गोव्याबाहेर टी-पेशींवर संशोधन करतो, आणि आमच्या प्रयोगशाळेतही याच प्रश्नाभोवती काम चालते. म्हणून थोडे सावकाश लिहितो.

आधी साखळी कशी चालते ते पाहू. टी-पेशीचा ग्राही प्रतिजनाचा तुकडा ओळखतो खरा, पण पेशीच्या आत त्याचे शेपूट इतके आखूड असते की त्याला स्वतःहून आत काहीच कळवता येत नाही. ते काम त्याला चिकटून असलेली सीडी-३ आणि झीटा ही प्रथिने करतात. या सर्वांच्या शेपटांवर मिळून १० ठरावीक पट्टे असतात आणि प्रत्येक पट्ट्यावर टायरोसीन या अमिनो आम्लाच्या दोन जागा असतात. एलसीके नावाचे विकर या जागांवर फॉस्फेट बसवते. एका पट्ट्यावरच्या दोन्ही जागा भरल्या तरच झॅप-७० हे पुढचे विकर तिथे घट्ट बसू शकते. एकच जागा भरली तर ते टिकत नाही. तिथे बसलेले झॅप-७० स्वतः कार्यरत झाले की पेशीपटलात रोवलेल्या लॅट या प्रथिनावर फॉस्फेट बसवते, आणि लॅटभोवती इतर प्रथिने गोळा होऊ लागतात. त्यांपैकी फॉस्फोलायपेज सी-गॅमा हे विकर पेशीपटलातील एका मेदरेणूचे दोन तुकडे करते. एका तुकड्यामुळे पेशीत कॅल्शियम वाढते आणि दुसऱ्यामुळे रास आणि प्रोटीन कायनेज सी यांचे मार्ग सुरू होतात. हे मार्ग शेवटी एनफॅट, एपी-१ आणि एनएफ-कप्पा-बी या जनुके चालू करणाऱ्या तीन प्रथिनांपाशी पोहोचतात. इंटरल्यूकिन-२ या टी-पेशींना वाढायला लावणाऱ्या प्रथिनाचे जनुक नीट चालू होण्यासाठी हे तिन्ही एकत्र यावे लागतात.

आता ‘कशासाठी’ याकडे वळतो. टी-पेशीसमोर दर क्षणी येणारे प्रतिजनाचे तुकडे बहुतांशी आपल्याच शरीराच्या प्रथिनांचे असतात. परका तुकडा त्या गर्दीत अगदी थोडा असतो. ग्राही स्वकीय तुकड्यालाही चिकटतोच, फरक एवढाच की तो लवकर सुटतो. परक्या तुकड्याशी झालेली गाठ काही सेकंद टिकते, स्वकीयाशी झालेली त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे आपले आणि परके यांतील भेद पेशीला बऱ्याच अंशी वेळेवरून करावा लागतो. ग्राहीने थेट केंद्रकाला कळवले असते, तर क्षणभराची प्रत्येक गाठ हा इशारा ठरला असता आणि पेशी आपल्याच शरीरावर उठली असती.

साखळी हा वेळ मोजते. प्रत्येक फॉस्फेट बसायला थोडा अवधी लागतो, आणि तेवढ्यात गाठ सुटली तर बसलेली फॉस्फेटे काढून टाकणारी विकरे आसपास सज्ज असतात, त्यामुळे पुढच्या वेळी पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. जी गाठ सर्व पायऱ्या पूर्ण होईपर्यंत टिकते, तीच केंद्रकापर्यंत पोहोचते. जॉन हॉपफिल्ड यांनी १९७४ मध्ये प्रथिननिर्मितीतील अचूकतेसाठी मांडलेली ही कल्पना टिमोथी मॅककिथन यांनी १९९५ मध्ये टी-पेशीच्या ग्राहीला लावून दाखवली. आपल्या विद्यार्थ्याला पायऱ्यांमुळे होणारा विलंब हा दोष वाटतो. पेशीचे ओळखण्याचे सारे कौशल्य त्या विलंबातच आहे, असे त्याला अवश्य सांगावे.

याचा मला सर्वांत सुंदर वाटणारा पुरावा लॅटमध्ये आहे. लॅटवर फॉस्फेट बसण्याच्या अनेक जागा आहेत. त्यांपैकी १३२ व्या क्रमांकाच्या टायरोसीनवर फॉस्फोलायपेज येऊन बसते, आणि नेमकी हीच जागा भरायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. झॅप-७० ला टायरोसीनच्या आधी ऋणभारित अमिनो आम्ल आवडते, इथे मात्र ग्लायसीन आहे. संशोधकांनी तो ग्लायसीन बदलून तिथे ऋणभारित अमिनो आम्ल बसवले, तेव्हा फॉस्फेट झटपट बसू लागले आणि टी-पेशी एरवी ज्यांच्याकडे दुर्लक्ष करतात त्या दुबळ्या, अगदी स्वकीय तुकड्यांनाही प्रतिसाद देऊ लागल्या. एका अमिनो आम्लाची मंदगती जपून ठेवल्यामुळे आपण स्वतःच्या पेशींपासून सुरक्षित राहतो, हा विचार मला आजही थक्क करतो.

आणखी एक गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. विश्रांत टी-पेशी बंद पडलेली असते असे आकृत्या पाहून वाटते, पण तिच्यातील एलसीकेचा बराच भाग आधीपासून कार्यक्षम असतो. सीएसके हे विकर एलसीकेच्या शेपटावर फॉस्फेट बसवून त्याला मिटवते, पेशीपटलातील सीडी-४५ हे विकर ते फॉस्फेट काढून त्याला उघडते, आणि हे दोन्ही सतत चालू असते. सीडी-४५ दुसऱ्या बाजूने ग्राहीच्या पट्ट्यांवरची फॉस्फेटेही पुसते. ग्राही आणि प्रतिजन यांची गाठ पडते तिथे दोन पेशींमधील अंतर जेमतेम १५ नॅनोमीटर उरते. सीडी-४५ चा बाहेरचा भाग लांब असल्यामुळे ते त्या चिंचोळ्या जागेतून बाजूला सारले जाते, आणि तेवढ्या भागात पुसणारा हात नसल्याने फॉस्फेटे टिकू लागतात. पेशीची शांतता ही दोन विरुद्ध क्रियांच्या तोलातून क्षणोक्षणी राखली जाते, आणि तो तोल एका लहानशा जागेत ढळला की सक्रियता सुरू होते.


कुळागर

तेरेखोल यांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतके चांगले दिले आहे की मी थेट टॅक्रोलिमसकडे वळते. मी फोंडा परिसरात वैद्यकीय व्यवसाय करते आणि प्रत्यारोपण झालेले काही रुग्ण माझ्याकडे इतर तक्रारींसाठी येत असतात.

हे औषध वर सांगितलेल्या कॅल्शियमच्या मार्गावर काम करते. विश्रांत पेशीच्या आतील मुक्त कॅल्शियम बाहेरच्या तुलनेत सुमारे १० हजार पटींनी कमी असते. आपल्याकडील मुलांनी खाजन शेती पाहिलेली असेल, तर बांधाच्या एका बाजूला भरतीचे पाणी चढलेले आणि दुसऱ्या बाजूला शेत कोरडे, अशी ती स्थिती त्यांना सांगता येईल. मानशीची, म्हणजे बांधातील पाण्याच्या दाराची, फळी थोडीशी उचलली तरी पाणी आत घुसते, कारण ओढ आधीच तयार असते. पेशीत ही फळी उचलण्याची पद्धत मात्र आडवळणाची आहे. मेदरेणूच्या पहिल्या तुकड्यामुळे पेशीच्या आतील कॅल्शियमचा साठा रिकामा होतो, तो रिकामा झाल्याचे स्टिम-१ हे प्रथिन ओळखते, आणि ते पेशीपटलाजवळ सरकून ओराय-१ या प्रथिनाची वाहिनी उघडते. मग बाहेरचे कॅल्शियम आत येते आणि बराच वेळ येत राहते.

वाढलेल्या कॅल्शियममुळे कॅल्सिन्युरिन हे विकर जागे होते. त्याचे काम फॉस्फेट काढण्याचे आहे. एनफॅटवर एरवी अनेक फॉस्फेटे बसलेली असतात आणि ती आहेत तोवर ते केंद्रकाबाहेर अडकून राहते. कॅल्सिन्युरिनने ती काढली की एनफॅट केंद्रकात शिरते. टॅक्रोलिमस पेशीत जाऊन आधी एफकेबीपी-१२ या प्रथिनाला चिकटते आणि ही जोडी कॅल्सिन्युरिनवर बसून त्याचे काम थांबवते. एकटे टॅक्रोलिमस हे करू शकत नाही. सायक्लोस्पोरिन हे त्याआधीचे औषध सायक्लोफिलिन या वेगळ्याच प्रथिनाशी जोडी जमवते आणि तेही कॅल्सिन्युरिनलाच येऊन अडवते. एक औषध नॉर्वेतील मातीत सापडलेल्या बुरशीतून आले, दुसरे १९८४ मध्ये जपानमधील त्सुकुबाच्या मातीतील जीवाणूतून. रचनेने एकमेकांशी काही नाते नसलेले हे दोन रेणू एकाच विकरापाशी पोहोचतात, हे १९९१ मध्ये उघड झाले आणि त्यातूनच टी-पेशीतील कॅल्सिन्युरिनचे महत्त्व पक्के झाले. औषधाने पेशीचे शास्त्र शिकवावे, असे हे उदाहरण आहे.

म्हणून त्या मुलीला सांगावे की पेशी जिवंत असते, तिचा ग्राही नव्या मूत्रपिंडाला परके म्हणून ओळखतही असतो, परंतु ती ओळख इंटरल्यूकिन-२ च्या जनुकापर्यंत पोहोचत नाही, आणि त्यामुळे त्या पेशींची फौज वाढत नाही. औषध थांबवले तर अडथळा दूर होतो, म्हणून एकही मात्रा चुकवायची नसते.

कॅल्सिन्युरिन केवळ टी-पेशींत नसते, ही या औषधाची अडचण आहे. मेंदूत ते विपुल असते आणि मूत्रपिंडातही असते. हात थरथरणे, रक्तदाब वाढणे आणि प्रत्यारोपित मूत्रपिंडालाच इजा होणे, हे परिणाम त्यामुळे संभवतात. रक्तातील औषधाची पातळी वेळोवेळी तपासतात ती यासाठीच. बुरशीवरची काही औषधे ही पातळी वाढवतात, क्षयरोगावरील रिफाम्पिसिन ती खाली आणते, त्यामुळे कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर टॅक्रोलिमस चालू असल्याचे आधी सांगावे. पावसाळ्यात ताप आला तर अशा रुग्णाने घरी वाट पाहू नये.


म्हादई

मी सत्तरी भागात आरोग्यसेविका आहे. डॉक्टर, आपले आणि तेरेखोल यांचे लिखाण वाचून एक शंका आली. पेंटाव्हॅलंट आणि टीडी या लशी गोठू द्यायच्या नाहीत, कारण त्यांतील ॲल्युमिनियमच्या क्षाराची घडण बिघडते, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेले आहे, आणि शंका आल्यास कुपी हलवून तपासायचेही शिकवले आहे. टी-पेशी प्रतिजन ओळखून जागी होत असेल, तर लशीत प्रतिजन आधीच आहे. मग हा क्षार मुळात का घालतात? गोवरच्या लशीत तो का नसतो?


तेरेखोल

ताई, आपल्या शंकेमुळे माझ्या पहिल्या उत्तरात राहून गेलेला अर्धा भाग पुरा करता येईल. ग्राहीची गाठ कितीही वेळ टिकली, तरी आधी कधी जागी न झालेली टी-पेशी तेवढ्यावर पूर्ण सक्रिय होत नाही. तिच्यावर सीडी-२८ नावाचे दुसरे प्रथिन असते आणि त्याची गाठ प्रतिजन दाखवणाऱ्या समोरच्या पेशीवरील सीडी-८० किंवा सीडी-८६ या प्रथिनांशी पडावी लागते. हा दुसरा संकेत नसेल तर कॅल्शियमचा मार्ग चालतो, एनफॅट केंद्रकात पोहोचते, पण एपी-१ ची पुरेशी जोड त्याला मिळत नाही. एकटे पडलेले एनफॅट तेव्हा वेगळीच जनुके चालू करते आणि पेशी बधिर होते. पुढे तोच प्रतिजन नीट दाखवला तरी ती हलत नाही. अपुऱ्या संकेताचे उत्तर सौम्य प्रतिसादाने न देता पेशी स्वतःला मागे घेते, हा या व्यवस्थेतला सर्वांत कठोर नियम आहे.

दुसरा संकेत कुठून येतो, याचे उत्तर चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये मांडले. टी-पेशींना प्रतिजन दाखवणाऱ्या डेन्ड्रायटिक पेशींसारख्या पेशींवर सूक्ष्मजीवांच्या ठेवणीतील ठरावीक खुणा ओळखणारे ग्राही असावेत आणि अशी खूण सापडली तरच त्या पेशींनी दुसरा संकेत द्यावा, असा त्यांचा तर्क होता. पुढे अशा खुणा ओळखणारे टोल-सदृश ग्राही सापडले आणि तो तर्क खरा ठरला. या कामासाठी ब्रूस ब्यूटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना, आणि डेन्ड्रायटिक पेशींच्या शोधासाठी राल्फ स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल मिळाले. आपण सांगितलेल्या लशींतील शुद्ध केलेल्या विषाभ प्रथिनात (निर्विष केलेल्या जंतुविषात) सूक्ष्मजीवाची खूण फारशी उरत नाही, म्हणून ॲल्युमिनियमचा क्षार घालावा लागतो. तो टोल-सदृश ग्राहींच्या वाटेने जात नाही, तर टोचलेल्या जागी दाह निर्माण करून डेन्ड्रायटिक पेशींना सावध करतो. गोवरच्या लशीतील विषाणू क्षीण केलेला असला तरी जिवंत असतो आणि स्वतःच्या खुणा बरोबर घेऊनच येतो, त्यामुळे तिथे क्षाराची गरज पडत नाही.

दुसऱ्या संकेताला बाजूला सारण्याचे धाडस किती महागात पडते, हे लंडनमध्ये मार्च २००६ मध्ये दिसले. टीजीएन-१४१२ हे प्रतिपिंड सीडी-२८ ला इतक्या जोराने चेतवत असे की ग्राहीच्या संकेताची गरजच राहत नव्हती. ते ६ निरोगी स्वयंसेवकांना प्राण्यांतील सुरक्षित मात्रेच्या ५०० पटींनी कमी मात्रेत दिले, तरी सर्वांना अतिदक्षता विभागात न्यावे लागले. ते सर्व वाचले, परंतु ज्या माकडांवर आधी चाचणी झाली होती, त्यांच्या एका महत्त्वाच्या प्रकारच्या स्मृती टी-पेशींवर सीडी-२८ नसतेच, हे नंतर लक्षात आले.

थांबवण्याचीही प्रथिने आहेत. सीटीएलए-४ हे सीडी-२८ चेच भाऊबंद, पण सीडी-८० आणि सीडी-८६ ला ते कितीतरी अधिक घट्ट धरते आणि सीडी-२८ ला काही उरू देत नाही. ते नसलेले उंदीर जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत मरतात, कारण त्यांच्या टी-पेशी आवरेनाशा होतात. पीडी-१ हे दुसरे प्रथिन एसएचपी-२ या विकराला बोलावून बसलेली फॉस्फेटे काढवते. कर्करोगाच्या गाठी या पीडी-१ चा आडोसा घेतात. हे अडथळे दूर करून उपचार करता येतात हे दाखवल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.


डिचोली_जीवशास्त्र

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. एक शेवटचे विचारते. यांतले एखादे प्रथिन जन्मतःच नसेल तर मुलाचे काय होते? विद्यार्थ्यांना हे हमखास सुचणार. शिवाय फळ्यावर आकृती काढताना काय टाळावे, तेही सांगावे.


कुळागर

बाई, असे आजार विरळ आहेत, पण प्रत्येक प्रथिनाचे नेमके काम त्यांच्यामुळेच कळले. झॅप-७० नसलेली मुले १९९४ मध्ये प्रथम वर्णिली गेली. टी-पेशींच्या दोन मुख्य प्रकारांपैकी सीडी-८ पेशी त्यांच्या रक्तात जवळजवळ नसतात आणि सीडी-४ पेशी संख्येने ठीक असूनही ग्राहीच्या संकेताला उत्तर देत नाहीत. म्हणून नुसती पेशींची मोजणी पाहून निर्धास्त राहता येत नाही. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशींच्या साखळीत बीटीके हे विकर आहे. ऑग्डन ब्रूटन यांनी १९५२ मध्ये पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होणाऱ्या ८ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडे असलेला प्रथिनांचा भाग, नसल्याचे नोंदवले. त्यामागचे सदोष जनुक १९९३ मध्ये सापडले आणि विकराला ब्रूटन यांचेच नाव मिळाले. त्याच विकराला अडवणारे आयब्रुटिनिब आज बी-पेशींच्या काही कर्करोगांत वापरतात. जॅक-३ हे विकर इंटरल्यूकिनच्या ग्राहीला लागून असते. ते नसले किंवा त्या ग्राहीची गॅमा साखळी नसली, तरी बाळाला जवळपास सारखाच तीव्र आजार होतो, आणि त्यावरून ही दोन्ही प्रथिने एकाच वाटेवर आहेत हे कळते. अशा बाळांना मूलपेशी प्रत्यारोपण लवकरात लवकर लागते, आणि त्यांना बीसीजीसारखी जिवंत लस देणे धोक्याचे असते. घराण्यात तान्ही मुले जंतुसंसर्गाने दगावल्याचा इतिहास असेल तर जन्मानंतर लस टोचण्याआधीच ते डॉक्टरांना सांगितले पाहिजे. म्हादई ताईंसारख्या सेविका ही चौकशी घरोघरी करू शकतात.


तेरेखोल

आकृतीबद्दल थोडे लिहितो. लॅट पेशीपटलातच रोवलेले दाखवावे, बरीच मुले ते पेशीद्रवात काढतात. बाण एका दिशेने काढले तर प्रत्येक पायरीशेजारी फॉस्फेट काढणाऱ्या विकराचा उलटा बाणही काढावा, नाहीतर वेळेची मोजणी कशी होते हे मुलांना दिसणार नाही. कॅल्सिन्युरिनपाशी मात्र लक्ष द्यावे, कारण साखळीत बहुतेक ठिकाणी फॉस्फेट बसल्याने काम पुढे सरकते आणि इथे ते निघाल्याने सरकते. सीडी-२८ ग्राहीच्या शेजारी त्याच पटलावर काढून त्याचा बाण एपी-१ आणि एनएफ-कप्पा-बी यांच्याकडे नेला, की एनफॅट एकटे पडणे म्हणजे काय, हे फळ्यावरच दाखवता येईल.